कुमुदताईंची चढाई

कुमुदताई स्टुडिओतल्या पलंगावर रेलल्या आणि त्यांनी पदर डाव्या छातीवर नीट ओढून घेतला. कॅमेरा गप्पच राहिला.

"बिघडलाय का गं?"

"नाही ताई," फोटोग्राफर विभावरी म्हणाली. कायद्यानं कॅमेऱ्यांची बटणं कधीच काढून टाकली होती. समोरच्याला मनापासून हवं असेल तरच, मनगटावरच्या पट्टीतून ते ओळखून, कॅमेरा आपणहून फोटो काढायचा. विभावरीच्या हातात फक्त उजेड आणि गप्पा उरल्या होत्या.

"कॅन्सरच्या ऑपरेशननंतर आरशातसुद्धा बघितलं नाही मी," ताई पुटपुटल्या. "जाऊ दे. निघते."

विभावरीनं दिवा जरा वळवला. "राज्याच्या संघात होतात ना? चढाईला जाताना काय करायचात हो?"

ताई हसल्या. मग उठल्या. पदर काढून त्यांनी कमरेला खोचला. ब्लाउजची डावी बाजू सपाट होती, ती त्यांनी झाकली नाही. मांडीवर सणसणीत थाप मारून त्या थेट कॅमेऱ्यावर चालून गेल्या.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

खट्. खट्. खट्खट्खट्.

"ताई, पुरे! कार्ड भरलं!"

"दुसरं घाल," म्हणत ताईंनी ब्लाउजचा पहिला हूक काढला.