दाराआडचं बोलणं

दार लागलं आणि भागाबाईने कान लावला. आत पंख्याची खडखड, मग समुपदेशक चारुलताताईंचं हसणं. आपला नवरा काय बोलतोय, ते सहाव्या गुरुवारीही कळलं नाही.

घरी मूग गिळून बसणारे सुपडूआबा पारोळ्याच्या सरकारी दवाखान्यात येऊन अर्धा अर्धा तास बोलतात तरी काय? गोळी नाही, सुई नाही, नुसत्या गप्पा! चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोला न सांगितलेलं असं काय आहे, जे ह्या पोरसवदा ताईला सांगता येतं? भागाबाईला कुतूहल होतं, आणि धास्तीही. एकट्याने जायला भीती वाटते म्हणाले, म्हणून ती सोबत यायची. एरवी वर्षभरात तिने घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

आबांचा आजार मात्र तिला तोंडपाठ होता. बाकावर शेजारी बसेल तिला ती सांगायची, "त्यास्ले झोप लागस नही. मी रातभर जागीच ऱ्हास ना, म्हणीसन माले माहीत." घास उतरत नाही, दिवस कलला की छातीत धडधडतं. रोज भागाबाईकडे येऊन बसणारी शेजारची लताबाई वारल्यापासून त्यांचं मन कशातच नाही. खरं तर लताबाईशी आबा जन्मात चार शब्द बोलले नसतील. पण पुरुषाच्या मनाचा थांग कोणाला लागलाय!

सातव्या गुरुवारी तिने ठरवलंच, आज आत शिरायचं आणि ताईंनाच विचारायचं. नेहमीच्या सिस्टर आबांना बघून नुसती मान हलवून आत सोडायच्या. आज नव्या होत्या. त्यांनी आबांच्या हातातला केसपेपर उघडला आणि मोठ्याने पुकारलं, "भागाबाई सुपडू पाटील!"

भागाबाई नवऱ्याकडे बघतच राहिली. "हाई काय शे?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सोतासाठे तू दवाखानामा उनी नसती. नवरासाठे उनी. सहा येळा तुनं दुख मी सांगं. आते बाकीनं तूच सांग."

तिला संताप आला, रडूही आलं. आता माघारी फिरावं तर सगळा बाक बघत होता. ती पदर सावरत आत गेली. दार लागलं.

"काय त्रास होतो, अक्का?" चारुलताताईंनी विचारलं.

"झोप लागस नही," सवयीने तिच्या तोंडून निघालं.

"कोणाला?"

भागाबाईने बंद दाराकडे पाहिलं. पलीकडे कोणीतरी कान लावून उभं असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"माले," ती जरा मोठ्यानेच म्हणाली.