अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षांचा पलंग

त्र्याऐंशीच्या डिसेंबरात माउंट व्हर्ननला पहिल्या अध्यक्षांच्या पलंगापाशी गाइड सांगत होती, “युद्ध जिंकलं, दोनदा अध्यक्ष झाले, सत्ता सोडून घरी आले. शेवटी घसा सुजला, श्वास कोंडला, याच पलंगावर गेले.” वसुधा कुजबुजली, “अहो, सकाळपासून जुईला थुंकीसुद्धा गिळवत नाहीये.” “व्हायरल असेल. घरात मी एक डॉक्टर पुरे गं,” हेमचंद्र हसला. “धाकटा डॉक्टर म्हणाला, गळ्याला छेद द्या,” गाइडनं सांगितलं. “थोरल्यांनी ऐकलं नाही. रक्तच काढत राहिले.” हेमचंद्रनं चमकून लेकीकडे पाहिलं. कडेवरची जुई मान पुढं काढून, तोंड उघडं टाकून बसली होती. हनुवटीवरून लाळ ओघळत होती, श्वासाश्वासाला बारीक शीळ वाजत होती. “दमली गं चिमणी,” म्हणत वसुधा तिला आडवं घेऊ लागली. “आडवं घेऊ नकोस, श्वास बंद होईल!” तो ओरडला. खोली गप्प झाली. त्या शांततेत शीळही ऐकू येईना.