रविवारचं विमान

लढाऊ विमानाच्या गेमचा जॉयस्टिक पुन्हा सैल झाला, म्हणून गुणवंतरावांनी कॉम्प्युटरवाल्या साहिलला बेव्हर्ली पार्कच्या घरी बोलावलं. अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचा डावा हात मांडीवर नुसता पडून असायचा.

"काका, डावीकडचा थ्रॉटल कसा चालवता मग?"

"तो इशिता चालवते, माझी मुलगी. रविवारी येते ना! विमान मी वळवतो, वेग तिच्या हातात."

"वेगपण जॉयस्टिकच्या बटणावर सेट करून देतो की. एकट्यानेच उडवा मस्त."

"नको रे. मग ती कशाला येईल?"

साहिल हसला आणि त्याने थ्रॉटल जोडायला उचलला. त्याच्यावरचं कंपनीचं प्लास्टिक अजून निघालंच नव्हतं.