नऊ इंची ड्रम

"ताई, बसलं की! अगदी मापात!" गाडीखालून मिस्त्रीचा आवाज आला आणि ती खाली वाकून बघू लागली.

बसायलाच नको होतं ते.

वडिलांची ही जुनी गाडी तिच्याहून वयाने मोठी. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी ती स्वतःच्याच फाटकावर घातली आणि सगळं खापर ड्रम ब्रेकवर फोडलं. "डिस्क ब्रेक बसल्याशिवाय मी हिला हात लावणार नाही," असं घरभर जाहीर केलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला आधीच बाजूला घेऊन बजावलं होतं, यांना आता गाडी चालवू देऊ नका. पण ज्यांनी आपल्याला स्टीअरिंग धरायला शिकवलं, त्यांना हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

डिस्कचा सेट मागवायचा तर आधी पुढच्या ड्रमचं माप लागतं. मिस्त्री पट्टी घेऊन निघाला, तर वडिलांनी त्याला उडवून लावलं. "चाळीस वर्षं हे ड्रम मी उघडतोय. मला पट्टी दाखवतोस? आठ इंची. घ्या लिहून."

सेट मागवताना तिने नऊ लिहिलं. चुकीचा सेट येईल, परत जाईल, बदलून येईपर्यंत सहा महिने सहज निघतील. तोवर बाबांचा हट्ट निवेल, असा तिचा हिशेब.

आणि तो नऊचा सेट दृष्ट लागावी असा बसला होता. बाबांचीच आठवण दगा देत असणार.

वडील इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारून आत बसले. किल्ली लावायला गेले. ती दोनदा भोकाच्या शेजारीच टेकली. तिला राहवेना.

"बाबा, थांबा. तुम्ही आठ सांगितलंत, मी मुद्दाम नऊ लिहिलं. सेट बसूच नये म्हणून. डॉक्टर म्हणाले..."

आता आकाशपाताळ एक होणार, म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. वडिलांनी मात्र किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"ड्रम नऊचेच आहेत, मला काय माहीत नाही? आठ मीही मुद्दामच सांगितलं होतं. त्या दिवशी ब्रेक लागला नाही असं नाही गं. मला फाटकच दिसलं नव्हतं."