प्रेषकाचं नाव

ऑक्सिजनच्या यंत्राला वीज पुरावी म्हणून मंगळावरच्या तळाने मेल सर्व्हर कधीच बंद केला होता. दिगंबरने जुळवलेल्या छोट्या प्रोग्रॅमला एका ओळीची आज्ञा टाइप करून दिली, की मेल पृथ्वीकडे निघायची.

काल दिगंबर गेला. वृंदाने आत्ताच त्याच प्रोग्रॅमने त्याच्या आईला कसंबसं चार ओळींत कळवलं.

"ताई, प्रेषकाचं नाव बदललंत ना?" अन्वरने विचारलं.

वृंदाने ती आज्ञा पुन्हा उघडून पाहिली. प्रेषकाच्या जागी अजून दिगंबरचंच नाव होतं.

माझी मेल दिसली की आई आधी अख्ख्या आळीला चहाला बोलावते आणि मगच ती उघडते, असं तो हसून सांगायचा.

"अकरा मिनिटांत पोचेल," अन्वर म्हणाला. "आता मागे घेता येत नाही."

वृंदा घड्याळाकडे बघत राहिली. बारावं मिनिट लागलं. तिकडे आता चहाचं आधण ठेवलं असेल.