पाटीवरची वेळ

माझ्या लेकीचं, कमलचं, लग्न झालं त्या साली, अठ्ठ्याऐंशीत, आगीच्या बंबावरची नायकाची जागा माझ्यामागून भरती झालेल्या हिलालला मिळाली, कारण धुरात शिरताना पाठीवर घ्यायच्या सिलिंडरमधली हवा किती मिनिटं पुरेल याचं गणित त्याला येई. महिन्याभरात नशिराबादजवळच्या जिनिंग कारखान्याला आग लागली. रुईच्या गाठी ओढून तो धापा टाकत होता. तरी आत जाण्याआधी त्याने पाटीवर परतायची वेळ लिहिली, दहा पस्तीस. "आधारभाऊ, तू नुसती पाटी धर. गणित मनं काम शे." गणित आपलं काम, असं म्हणून हिलाल हसला, साहेबही हसले. त्याचं गणित शांत माणसाच्या श्वासाचं. एवढ्या धापेला हवा दहा मिनिटं आधीच संपते, हे मला सोळा वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. परत बोलवायची शिट्टी माझ्याच गळ्यात होती. साहेबांसमोर एकदा त्याचं गणित चुकू दे म्हणून मी ती वाजवली नाही. हिलाल त्याच आगीत वारला, तेरा एप्रिलला, दहा पंचवीसला.