पुंडलिकरावांचं अंदाजपत्रक

"चार वाजता सभा हाय काका, अन् आपल्यापाशी एक कागद नाही!" शेजारची जया दारातूनच ओरडली. "बगीचा मोडून दुकानं बांधाचा ठराव आजच घेऊन राह्यले."

पुंडलिकरावांनी जेवणाचं ताट सरकवलं. यवतमाळातल्या त्या मोहल्ल्याचा बगीचा पन्नास वर्षांपूर्वी त्यांनीच आखला होता, नगरपालिकेत नवेनवे ओव्हरसिअर असताना. चारी गल्ल्यांतून येणाऱ्या वाटा मधल्या चौथऱ्याला मिळत, अन् वाटांवर बुचाची बारा झाडं. बायको गेल्यापासून म्हातारा घरात कमी अन् त्या झाडांखालीच जास्त. बगीचा गेला तर मी जगून तरी काय करू, असं चारचौघांत म्हणायचे.

"रडू नको. कागदाले कागदानंच अडवा लागते," ते म्हणाले. "ज्या जागेवर काम मंजूर झालं, ते जागा मंग कोणाच्या बापाले देता येत नाही. बगीचा सुधारणेचा प्रस्ताव टाकू."

"अन् अंदाजपत्रक?"

"मंग मी कायले हाय?"

अडीच वाजले होते. पुंडलिकराव लिहायला बसले. चौतीस वर्षं हेच केलेलं, सगळ्या बाबी तोंडपाठ. डोळे घड्याळाकडे, डोकं सभेत, अन् हात आपला सुसाट. बाकं, नळ, कुंपण, दिवे. वाचून पाहायला वेळ कोणाजवळ होता? जयानं त्यांना मागे बसवून स्कूटी अशी पिटाळली की बस्स. चाराला दहा कमी असताना नगरपालिकेत कागदावर आवकचा शिक्का पडला.

मग दोघं व्हरांड्यात बसून राहिली. आतून आवाज चढत होते, टेबलं आपटली जात होती.

साडेपाचला नगरसेवक डोंगरसिंग घाम पुसत बाहेर आले. "दुकानं रद्द, काका! बगीच्याचं काम मंजूर. तुमचंच अंदाजपत्रक, काना-मात्रा न बदलता."

म्हातारा सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. मोहल्ल्यात पेढे वाटले गेले.

दीड महिन्यानं पुंडलिकराव दोन दिवस आर्णीला बहिणीकडे गेले. परतल्यावर पिशवी हातात तशीच ठेवून तडक बगीच्याकडे निघाले. फाटकात जया उभी होती. डोळे सुजलेले, केसांत धूळ. तिच्यामागे बुचाचं एकही झाड उभं नव्हतं.

"आमी मशीनसमोर आडवं झालो, काका. पोलिसायनं उचललं. ठेकेदारापाशी कागद होता."

"कोणाचा कागद?" पुंडलिकराव गरजले. "कोणी सही केली? दाखव मले!"

जयानं मान खाली घालून कागद पुढे केला. बाब क्रमांक एक, त्यांच्याच वळणदार अक्षरात, जशी ते जन्मभर प्रत्येक अंदाजपत्रकात सगळ्यात आधी लिहीत आले होते: 'जागेवरील सर्व झाडे मुळासकट काढून जागा साफ करणे.'